काळडोहातला बगळा

जेसीबी तलावात उतरला तेव्हा मी डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन धरणाच्या भिंतीवरून खाली येत होते. तलावात म्हणजे पाण्यात नव्हे. पाणी होतंच कुठं? पिंपरणीचा तलाव त्या वर्षी असा आटला होता, की भिंतीवर उभं राहिलं तर समोर नुसती तडकलेली जमीन दिसायची आणि तिच्या टोकाला, भिंतीच्या पायाशी, एक काळा डोह. काळडोह. तलाव बांधायच्या आधी ओढा होता, त्या ओढ्यातला तो जुना डोह. सगळं आटलं तरी तो आटायचा नाही. गावातली माणसं सांगायची, त्यात हत्ती बुडेल.

जेसीबीला त्या डोहाकडेच जायचं होतं. आणि त्याच्या वाटेत कोंडाबाईच्या कलिंगडांचे वेल होते.

मी तेव्हा पिंपरणीची नवी सून. माझं माहेर कृष्णाकाठचं, सासर हे असं कोरड्या मुलखातलं. माझे सासरे नाना गळवे म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांचा आणि अण्णा सरगरांचा ऊस तलावाच्या कडेला उभा होता आणि काठावरच्या विहिरींवर त्यांच्या मोटारी बसवलेल्या होत्या. तलावाचं पाणी विहिरींपासून लांब सरकलं आणि मोटारी हवा ओढायला लागल्या. म्हणून डोहापासून विहिरींपर्यंत चर खणायचा, डोहाचं पाणी आणायचं आणि ऊस जगवायचा, असं ठरलं होतं. आमच्या घरून जेसीबीवाल्याच्या आणि चार माणसांच्या भाकऱ्या जाणार होत्या. त्या घेऊन मी निघाले होते.

"सुगंधा, बिगीबिगी ये," माझे यजमान उत्तम खालून ओरडले. "इथं भांडान व्हनार हाय असं दिसतंय."

भांडण आधीच झालं होतं. कोंडाबाई वेलांच्या मधोमध फतकल मारून बसली होती. जेसीबीचं बकेट तिच्या डोक्यावर टांगलेलं. आतला पोरगेलासा ड्रायव्हर घामानं निथळत होता आणि हात वर करून सगळ्यांना सांगत होता, मी काही करणार नाही, मला भांडणात घेऊ नका.

कोंडाबाईची माणसं धरणाच्या कामाला म्हणून आली आणि काम संपल्यावर तलावाच्या काठालाच राहिली. तेव्हा चार पालं होती म्हणे. मी आले तेव्हा तिथं अख्खी वस्ती होती, शाळेची खोली होती, पिठाची गिरणी होती. जमीन मात्र कुणाच्या नावावर वीतभर नाही. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की जी ओली जमीन उघडी पडते, तिच्यात ते कलिंगडं, काकड्या लावायचे. गाळपेर म्हणतात त्याला. पाणी आलं की शेत गेलं, पाणी गेलं की शेत आलं. त्यावर त्यांचं वर्ष चालायचं.

"घाल, घाल माज्या अंगावर," कोंडाबाई ड्रायव्हरला म्हणत होती. "कलिंगडं फोडायच्या आधी माजं टकुरं फोड."

"बाई, ह्यो तलाव तुज्या बापाचा न्हाई," अण्णा सरगर म्हणाले.

"तुज्या तरी बापाचा हाय व्हय? समद्या गावाचं पिण्याचं पानी त्या डोहात हाय. टँकर तिथनंच भरत्यात. तू तुज्या उसाला पाजलंस की लेकरांला काय पाजू? उसाचा रस?"

वस्तीवरचे गडी हसले. ते हसणं अण्णांना झोंबलं. त्यांनी वाकून ढेकूळ उचललं, तशी वस्तीवरच्या दोघांनीही उचलली. उत्तम मध्ये गेले. मामा मात्र, म्हणजे माझे सासरे, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. डोहाकडे पाठ करून.

ते डोहाकडे कधीच बघायचे नाहीत. हे मला लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं. मामांचा धाकटा भाऊ धोंडीराम तलाव पहिल्यांदा भरला त्या वर्षी ह्याच डोहात गेला. मोटारीच्या पाईपाच्या टोकाची अडकलेली झडप सोडवायला उतरला तो वर आलाच नाही. तेव्हापासून गावातल्या कुणीच त्या डोहात पाय घातला नव्हता. म्हशीसुद्धा कडेकडेनं पाणी प्यायच्या आणि लोक त्यांना हाकून मागं आणायचे. टँकरवाला कडेलाच पाईप टाकायचा.

"अण्णा, ढेकूळ खाली टाक," मामा म्हणाले. "आणि कोंडे, तू बी ऊठ. त्या डोहात मोप पानी हाय. गाव पिऊन आन् ऊस पिऊन बी उरंल. तळ न्हाई त्याला."

"तुमाला काय ठावं?" कोंडाबाई म्हणाली.

"मला ठावं न्हाई तर कुनाला ठावं असंल," मामा हळू म्हणाले.

मी पाटी खाली ठेवली आणि डोहाकडे बघितलं. सगळे एकमेकांकडे बघत होते, पाण्याकडे कुणीच बघत नव्हतं, म्हणून मी बघितलं असेन. डोहाच्या ऐन मध्यावर एक बगळा उभा होता. मान आखडून, एका पायावर, अगदी निवांत.

मी नदीकाठची. आमच्या घराच्या मागच्या दारातून उतरलं की पाणी. चालायच्या आधी आम्ही पोहायला शिकतो असं आमच्याकडे थट्टेनं म्हणतात, ते फारसं खोटं नाही. आणि नदीकाठच्या कुठल्याही पोरीला विचारा, बगळा पोहत नाही. तो जिथं उभा, तिथं त्याच्या पायाला जमीन लागलेली असते.

मी पदर डोक्यावर सारखा केला आणि मामांच्या जवळ गेले. चारचौघांत सासऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. पण बोलले.

"मामा, डोहात बगळा उभा हाय."

"असंल."

"मधोमध उभा हाय, मामा. पवत न्हाई, उभा हाय."

"मग?"

"मग तितं पानी न्हाई. गुडघाभर असंल न्हाई तर मांडीभर."

अण्णा सरगर मोठ्यांदा हसले. "घ्या! आता नानाच्या सुनंनं काळडोहाचा तळ काढला. सूनबाई, भाकरी सोडा फडक्यातनं, आमाला भुका लागल्यात."

उत्तमनी मला नजरेनं दटावलं. मामांनी मान फिरवली, दुसरीकडे, भिंतीकडे. आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चालव रं. वेल चुकवून कडेनं घे. जातील तेवढं जातील."

कोंडाबाई उठली नाही. मशीन गुरगुरलं. वस्तीवरच्या बायका येऊन तिच्याभोवती उभ्या राहिल्या, कडेवर पोरं घेऊन. आमच्या बाजूचे गडी पुढं सरकले. आता कुणाचं तरी डोकं फुटणार हे लहान पोरालाही कळलं असतं.

मी कोंडाबाईच्या राखणीच्या खोपटाला टेकवलेली वेळूची लांब काठी घेतली, साडीचा काष्टा मारला, पदर कमरेला खोचला आणि डोहाकडे चालायला लागले.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी बाई किंचाळली, "अगं बया, ती बघा!"

"सुगंधा!" उत्तमचा आवाज. "ए सुगंधा, मागं फिर!"

मी पाण्यात शिरले. पाणी वरून कढत होतं आणि खाली गार. तळाला गाळ होता, पाय पोटरीपर्यंत जात होता. मी काठी पुढं रोवत, एकेक पाय ओढून काढत चालले होते. भीती मला पाण्याची नव्हती. भीती गाळाची होती. गाळात माणूस उभा राहिला की गाळ त्याला धरून ठेवतो, हे आमच्याकडे पोरांना दटावून शिकवतात. थांबायचं नाही, आणि रुतलंच तर उभं राहायचं नाही. आडवं व्हायचं. पाठीवर पडायचं आणि पाय हळूहळू सोडवायचे.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मग मांडीपर्यंत. मागं काठावर मशीनचा आवाज बंद झाला होता. मी जवळ गेले तसा बगळा नाराजीनं उडाला आणि भिंतीवर जाऊन बसला. तो उभा होता तिथं, काळडोहाच्या ऐन मधोमध, मी जाऊन उभी राहिले.

पाणी माझ्या कमरेलासुद्धा नव्हतं.

मी वळले आणि काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, सगळ्यांना दिसावं म्हणून. "बघा!" मी ओरडले. "हत्ती कुटला बुडतोय? कोंबडी बी बुडायची न्हाई!"

मला वाटलं होतं लोक ओरडतील, हसतील. पण सगळ्यांची तोंडं माझ्याकडे नव्हतीच. मामांना चार जणांनी धरून ठेवलं होतं आणि ते सुटायला झटत होते. "सोडा," ते म्हणत होते. "सोडा मला. त्या दिसाबी तुमी असंच धरलं व्हतं. आता न्हाई. सोडा!" पागोटं पडलं, काठी पडली. त्यांनी अण्णा सरगरांना असा हिसडा दिला की अण्णा वेलात जाऊन पडले. आणि मामा धावत पाण्यात शिरले.

"मामा, नका येऊ! मी बरी हाय! मामा!"

त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हातारा माणूस, पोहता येत नाही, आणि मी चालले त्या कडेच्या वाटेनं न येता ते सरळ आले. सरळ म्हणजे टँकरवाल्याच्या पाईपानं ढवळून ठेवलेल्या गाळातून. पाच-सहा ढांगा टाकल्या आणि ते मांडीपर्यंत गाळात गेले. पाणी छातीला आलं. त्यांनी जोर करून पाय उपसायला बघितलं तसे अजून खाली गेले.

मी काठी आडवी धरून पाण्यावर अंग झोकून दिलं आणि पोहत त्यांच्यापाशी गेले. पाणी एवढं थोडं, की हात मारताना बोटं गाळात जात होती. जवळ पोचले तेव्हा पाणी त्यांच्या गळ्याशी होतं. त्यांचे डोळे माझ्यावर होते, पण ते मला बघत नव्हते.

"धोंडी," ते म्हणाले.

"मामा, मी सुगंधा. ऐका माझं. उभं ऱ्हाऊ नका. आडवं व्हा."

"आँ?"

"आडवं व्हा! मागं पडा, पाठीवर! खाटंवर पडतो तसं पडा!"

जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस. पंचायतीत त्यांच्यापुढं कुणी ब्र काढायचं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि या खेपेला ओळखलं. आणि मी सांगितलं तसं डोकं मागं टाकून पाठीवर पडले. मी काठी त्यांच्या पाठीखाली सारली, मानेखाली हात घातला आणि सांगत राहिले: असं, पोट वर, तोंड आभाळाकडं, उजवा पाय हलवा, नुसता हलवा, ओढू नका, आता डावा. गाळानं एक पाय सोडला, मग दुसरा. आणि माझे सासरे काळडोहावर आडवे, लाकडाच्या ओंडक्यासारखे तरंगायला लागले.

काठावरून उत्तमनी आणि वस्तीवरच्या गड्यांनी पाईपाचा तुकडा सारला. तोवर कोंडाबाईसुद्धा पाण्यात गुडघाभर शिरली होती. सगळ्यांनी मिळून आम्हाला ओढून काढलं.

मामा काठावर बसले. धापा टाकत, पांढऱ्या मिशांतून पाणी गळत. त्यांच्या दोन्ही मुठी घट्ट वळलेल्या होत्या. जीव वाचवायला गाळात हात मारले, तेव्हा जे हाती आलं ते त्यांनी सोडलंच नव्हतं. त्यांनी मुठी उघडल्या आणि आतली माती बोटांनी चोळून बघितली.

"अण्णा," ते म्हणाले. "हितं ये. ह्ये काय हाय?"

"गाळ."

"कसला गाळ? नीट बघ."

अण्णा वाकले. मीही बघितलं. तलावाची जमीन काळी, चिकट. मामांच्या हातातली माती तांबडी होती, तिच्यात बारीक बारीक चुनखडीचे खडे होते. तशी माती अख्ख्या शिवारात एकाच जागी होती. वरच्या माळावर.

तो माळ पूर्वी नुसता गवताचा होता. गावातली घरं वाढली, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, खालची काळी रानं पुरेनात. मग एकेकानं माळ फोडून उतारावर रानं केली. पहिला नांगर मामांनी घातला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पाऊसही आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. झिमझिम पडणं तो विसरलाच होता. यायचा तो आभाळ फाटल्यासारखा, एका दुपारीत ओढे फोडून जायचा आणि मग महिनाभर तोंड दाखवायचा नाही. दर वर्षी उतारावरची रानं थोडी थोडी दगडाळ होत गेली. माती कुठं जाते, असं कुणी विचारलं नाही.

"ह्यो गाळ न्हाई," मामा म्हणाले. "ह्ये रान हाय. माजं रान हाय ह्ये."

मामा डोहाकडे बघत होते. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ते डोहाकडे बघत होते.

"धोंडी गेला तवा दोन कासरं एकाला एक बांधून सोडलं व्हतं," ते म्हणाले. "तळ लागला न्हाई. आन् आज माजी सून त्यात चालत गेली. म्या माज्या हातानं बुजवलाय ह्यो डोह, वरनं माती लोटून लोटून. आन् वर सांगत फिरतो, तळ न्हाई म्हून."

अण्णा सरगरांनी घसा खाकरला. "नाना, मग चराचं काय करायचं?"

"कशाचा चर? आठवडाभर मोटारी चालतील, मग चिखल वढतील. ऊस तर वाचायचा न्हाईच, आन् गाव तहानंनं मरंल. वस्ती बी मरंल, आपुन बी मरू."

"अवो, पन उभा ऊस..."

"ऊस तोड. आज तोड. वैरण न्हाई म्हून लोक गुरांला बाजार दाखवाया लागल्यात, त्यांला घाल. माज्याबी उसाला आजच कोयता लावतो. वस्तीवरची जनावरं बी आन गं कोंडे."

कोंडाबाई वेलात गेली, एक मोठं कलिंगड तोडून आणलं, गुडघ्यावर आपटून फोडलं आणि त्याचा गाभा मामांच्या पुढं धरला. "खावा नाना. घसा सुकला असंल." मग दुसरं फोडलं ते अण्णांना. चिखलानं माखलेले आम्ही सगळे, ढेकळं उचललेले आणि न उचललेले, तिथं बसून कलिंगड खात होतो. जेसीबीवाल्यानं मशीनमधूनच हात पुढं केला.

खाऊन झाल्यावर मामा त्याच्याकडे वळले. "चर नको. हिकडनं डोहाच्या भवतालची कोरडी माती काड. जितकी निघंल तितकी. डोहातल्या पान्याला हात लावायचा न्हाई."

"आणि माती कुठं टाकू?"

मामांनी मान वर करून माळाकडे हात केला. "जिथनं आली तिथं."

त्या उन्हाळ्यात गावातला प्रत्येक ट्रॅक्टर माती वाहत होता. वस्तीवरची माणसं भरत होती, आमची वर पसरत होती. त्याबदली कोंडाबाईच्या वस्तीला गाळपेरीची जागा दर वर्षी बिनबोभाट मिळेल, हे मामांनी पंचायतीत उभं राहून सांगितलं. माळावर माती अडवायला उताराला आडव्या ताली घातल्या, म्हणजे दगडाचे बांध. आणि सगळ्यात वरचं, सगळ्यात उभ्या उताराचं जे रान होतं, ते आमचं होतं. तिथं मामांनी पुन्हा गवत सोडलं. लोकांनी हटकलं तेव्हा म्हणाले, "पयला फोडला मी, पयला सोडतो बी मीच."

अण्णा सरगरांनी त्यांचं रान सोडलं नाही. ऊस गेल्याचा राग त्यांनी बरीच वर्षं धरला. आमच्या दारावरून जाताना मान फिरवायचे. मग एका पावसाळ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, त्यांच्या उतारावरच्या रानाचा निम्मा तुकडा खाली आला आणि शेजारच्या आमच्या तालीला येऊन अडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या अंगणात येऊन बसले. चहा घेतला. "नाना, माजी माती तुमच्या तालीला हाय," म्हणाले. मामा म्हणाले, "घिऊन जा की. ट्रॅक्टर देतो." त्यानंतर त्यांनीही ताली घातल्या.

तलाव मात्र भरला तो माती काढली त्याच्या पुढच्याच वर्षी. भिंतीला पाणी लागलं त्या दिवशी मामांनी धोंडीरामच्या नावानं डोहावर नारळ वाहिला. इतक्या वर्षांत वाहिला नव्हता. आम्ही घरचे सगळे होतो, वस्तीवरचे होते. नारळ पाण्यावर हेलकावे खात गेला. मी वस्तीवरच्या पोरींना तेव्हा पोहायला शिकवायला लागले होते. त्या भिंतीच्या कडेला कालवा करत होत्या आणि कुणी त्यांना हाकून बाहेर काढत नव्हतं.

मामांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती दीस लागत्यात गं शिकाया?"

"कुनाला, मामा?"

"मला."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. उत्तम म्हणाले, "अवो आबा, लोक काय म्हनतील? सून सासऱ्याला पवायला शिकवतीया म्हून..."

"लोकांनी मला आडवं पडलेलं बगितलंय," मामा म्हणाले. "आता उभं ऱ्हाऊन काय दाखवायचं ऱ्हायलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतराचा काचा मारून, पाठीला सुकलेला भोपळा बांधून भिंतीवर आले. वस्तीवरच्या पोरी खिदळल्या. मी आधी पाण्यात उतरले आणि हात पुढं केला. त्यांनी भिंतीची शेवटची पायरी सोडली. थोडं पाणी गिळलं, शिव्या दिल्या, पुन्हा आडवे झाले. आणि मग हात मारत, फार वाकडेतिकडे, ते काळडोहावरून पुढं जायला लागले. मी बाजूनं पोहत होते. थकला असाल, वळा, असं मी दोनदा म्हटलं.

"तू वळ," ते म्हणाले. "मी जरा पल्याड जाऊन येतो."